कवळी आणि अकरा रविवार

४ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी खुर्ची गाठली असशील. कोणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे आणि शुद्धीवर राहून पत्र लिहितोय. याआधी तुला पत्र लिहिलं तेव्हा मी सातवीत होतो आणि तू सुट्टीत मामाकडे होतीस. तुझी सायकल तळ्यात घातल्याची कबुली होती त्यात. तेव्हा माझं पत्र म्हणजे कबुली, असं तू धरून चालशील. या वेळी तसं काही नाही.

बातमी अशी की मी घरातलं इंटरनेट काढून टाकलं. तीन आठवडे झाले. भिंतीवरची ती लुकलुकणारी डबी उचकटली आणि कंपनीच्या ऑफिसात नेऊन दिली. काउंटरवरच्या बाईंनी तीनदा विचारलं, आता कोणाचं घेणार. कोणाचंच नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घराचं दारच परत करायला आलोय. फोनही साधा, बटणांचा घेतला.

कारण लॅबमधलं आहे. एका निवृत्त मास्तरांची कवळी मी केली आणि दोन्ही बाजूंना डावाच सुळा बसवला. तुला सांगतो, डावा आणि उजवा सुळा चपलांच्या जोडासारखे असतात, एकाच पायाच्या दोन चपला घालून माणूस चालू शकत नाही. वीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. आमच्या मालकीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कवळी माझ्या टेबलावर ठेवली, शेजारी आरसा ठेवला आणि चहा प्यायला निघून गेल्या. रात्री एक वाजेपर्यंत स्क्रीनकडे बघायचं आणि सकाळी आठला दुसऱ्याच्या तोंडाचं काम करायचं, हे जमत नाही हे मला कळून चुकलं.

आता डोकं शांत आहे. पहिला आठवडा हात आपोआप खिशात जायचा. पण आता झोप लागते, स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त झालाय, आणि संडासातला माझा मुक्काम अर्ध्या तासावरून चार मिनिटांवर आलाय. आईचा रविवारचा व्हिडिओ फोन आता अर्थातच बंद, पण साध्या फोनवर बोलतो मी तिच्याशी. तिला तू जरा नीट समजावून सांग.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची घाई नाही.

तुझा,
धाकटा


११ सप्टेंबर

चि. दंतोबास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दाजींनी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि संडासाच्या ओळीपाशी दोन्ही वेळा थांबून माझ्याकडे बघितलं. तुझ्या भाचीने विचारलं की मामा संन्यास घेणार आहे का. मी म्हटलं, लग्नच केलं नाही त्याने, संन्यास कशातून घेणार?

चेष्टा पुरे. तू नेट काढलंस, उत्तम केलंस. मास्तरांच्या सुळ्यांबद्दल वाचून मला हसू आलं आणि तुझी दयाही आली. पण एक गोष्ट माझ्या पचनी पडत नाही. बाबा गेल्यावर आपण दोघांनी ठरवलं होतं, आईला रविवारी अकराला तू आणि बुधवारी सातला मी. डेपोत गाड्यांचं आखते तसं वेळापत्रक आखून मी तिच्या फ्रिजवर चिकटवलं होतं. तो कागद अजून तिथेच आहे. आई म्हणते, हल्ली तुझा फोन दोन मिनिटांत संपतो. कशी आहेस, बरी आहे, ठेवतो. परवा तिने मला हळूच विचारलं की तू तिच्यावर रागावलायस का.

बटणांच्या फोनला आवाज नसतो का रे? शांत डोक्याने आईशी जास्त बोलता यायला हवं, कमी का होतंय? सविस्तर लिही. आणि ती सायकल बाहेर काढल्यावरही नीट चालली नाही, हे लक्षात असू दे.

आशीर्वाद आहेतच, पण उत्तर आल्यावर.

तुझी,
ताई


१७ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो कसला? आईवर रागवायला मी काय लहान आहे? फोनवर नुसत्या आवाजाशी काय बोलायचं ते सुचत नाही, एवढंच. होईल सवय.

इकडे मात्र माझी प्रगती बघण्यासारखी आहे. परवा एका बैठकीत वरचे-खालचे मिळून अठ्ठावीस दात मेणात बसवले. मालकीणबाईंनी भिंग लावून बघितले आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांच्याकडून पहिला नंबर. संध्याकाळी खिडकीत बसून वाचतो. समोरच्या घरात एक म्हातारे गृहस्थ रोज सहा वाजता एकच शर्ट इस्त्री करतात. चार वर्षं मी इथे राहतोय आणि ते मला आत्ता दिसले. लक्ष द्यायला लागलं की किती दिसतं बघ. मला वाटतं तूही महिनाभर करून बघ. दाजी सुधारतील.

आईला म्हणावं, नवीन कवळी कशी बसलीय ते कळव. मे महिन्यात ती इथे आली होती, डॉक्टरांनी माप घेतलं आणि पुढचं सगळं मी एकट्याने केलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आजवरचं माझं सर्वांत चांगलं काम आहे ते.

बाकी क्षेम. लोभ असावा, संशय नसावा.

तुझा,
धाकटा


२९ सप्टेंबर, आईच्या घरून

चि. भावास आशीर्वाद.

चार दिवसांची रजा काढून आईकडे आलेय. तुझ्या सर्वांत चांगल्या कामाबद्दल लिहायचं आहे.

आई वाळलीय. दार उघडलं तेव्हा ओळखायला एक क्षण लागला. ब्लाउज खांद्यावरून उतरतो. जेवायला बसलो तर तिने माझ्या ताटात सगळं वाढलं आणि स्वतः दुधात बुडवलेला पाव घेतला. म्हणाली, भूक नाही. दुसऱ्या दिवशी उकडलेला बटाटा कुस्करून, तिसऱ्या दिवशी पुन्हा दूध-पाव. हसताना तोंडावर पदर. मी विचारलं कवळी कुठे आहे, तर म्हणाली धुवायला ठेवलीय. बटण लावायला दोरा शोधत होते, तेव्हा सुयांच्या डब्यात, कापसात गुंडाळलेली सापडली. धूळ बसली होती तिच्यावर.

मग तिला उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं. खालच्या हिरडीवर डाव्या बाजूला, अगदी मागे, जखम भरून आल्याचा पांढरा वण आहे. कवळी घातली की तिथे टोचते, म्हणाली. पहिल्या आठवड्यापासून. मी ओरडले की मग त्याला सांगितलं का नाहीस. ती शांतपणे म्हणाली की सांगितलंय. अगदी दर रविवारी सांगितलंय. तो कामात असतो, बघेल सवडीने.

मी तुला काय विचारणार आहे ते तुला कळलंच असेल. इथे कुणा दातांच्या डॉक्टरकडे नेते म्हटलं, तर आई हट्टाला पेटली, नाही म्हणजे नाही. का, ते सांगत नाही. तिच्या अंगावर मांस उरलेलं नाही आणि तू मला इस्त्रीचा शर्ट वर्णन करून सांगतोस.

उत्तर लगेच हवं.

ताई


३ ऑक्टोबर

ति. ताईस,
नमस्कार लिहायला हात धजावत नाही, तरी सा. न.

तुझा समज बरोबर होता. माझं पत्र म्हणजे कबुलीच असते.

सुळ्यांची गोष्ट खरी आहे, पण नेट त्यामुळे काढलं नाही. सुळे जूनमध्ये चुकले होते. नेट काढलं ऑगस्टमध्ये.

रविवारी अकरा वाजता मी फोन स्टँडवर लावायचो आणि त्याच्या मागे लॅपटॉप. आईला माझा चेहरा दिसायचा, समोर बघतोय असं वाटायचं. मी मात्र लॅपटॉपवर दुसरंच बघत असायचो. आवाज बंद करून. काय बघायचो ते सांगायची जास्तच लाज वाटते. लोक गंजलेल्या वस्तू घासूनपुसून नव्या करतात ना, जुने अडकित्ते, कुलपं, शिलाई मशिनं, तसले व्हिडिओ. एक संपला की दुसरा. आई बोलत असायची आणि मी दर थोड्या वेळाने हं म्हणायचो, आणि तिचा आवाज थांबला की अरे वा, छान म्हणायचो. मला वाटायचं मी आईला वेळ देतोय. तासभर बोललो आईशी, असं लॅबमध्ये सांगायचोही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ती काहीतरी म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, अरे वा, छान! मग? तेवढ्यात लॅपटॉपची बॅटरी संपून पडदा काळा झाला, म्हणून माझी नजर तिच्याकडे गेली. ती माझ्याकडे बघत होती. तोंडावर हात होता. मग हसली आणि बरं, ठेवते म्हणाली. ती काय बोलली होती ते मला माहीत नव्हतं, आणि काय म्हणालीस असं विचारायचा धीर झाला नाही. विचारलं असतं तर तिला कळलं असतं ना. दुसऱ्या दिवशी डबी उचकटली. लोकांना सांगितलं एकाग्रतेसाठी. तुलाही तेच सांगितलं. फोनवर दोन मिनिटांत ठेवतो, कारण ती कधीही विचारेल की मी मागे सांगितलं होतं त्याचं काय झालं, आणि माझ्याकडे उत्तर नसेल.

आज तुझ्या पत्रावरून हिशेब जुळला. कवळी जूनच्या सुरुवातीला घातली, नेट ऑगस्टच्या मध्यावर गेलं. अकरा रविवार होतात. मी दातांचा माणूस आहे गं ताई. पोट त्याच्यावर भरतो. माझी आई अकरा वेळा मला म्हणाली की तू केलेली कवळी टोचते, आणि मी अकरा वेळा म्हणालो, छान.

वर तुला लक्ष देण्यावर प्रवचन झोडलं. ते पत्र फाडून टाक, दाजींना दाखवलं असलं तरी.

आईसमोर कुठल्या तोंडाने जाऊ ते सांग.

तुझा,
नालायक भाऊ


९ ऑक्टोबर

चि. भावास आशीर्वाद.

पत्र वाचून झाल्यावर मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि दोन दिवस तुझं तोंडही आठवायचं नाही असं ठरवलं. कच्चं खावं इतका राग आला होता.

पण दुसऱ्याच दिवशी बुधवार होता. सातला आईला फोन लावला आणि पहिल्यांदाच घड्याळ बघत बघत बोलले, म्हणजे मी किती वेळ बोलते ते मोजायला. नऊ मिनिटं. त्यातली सात माझी. औषध घेतलंस का, गॅस बंद केलास का, पायऱ्या धुतल्यावर उतरू नकोस. तिने काहीतरी सांगायला सुरुवात केली की मी त्यावरचा उपाय सांगून पुढच्या थांब्याला जाते. गाडी वेळेवर सोडायची सवय. मला तिने टोचतंय हे का सांगितलं नाही, ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं. तेव्हा तुला बोलायला माझंही तोंड फारसं उजळ नाही. पण तुझ्यापेक्षा उजळ आहे, ते सोडणार नाही.

कुठल्या तोंडाने जाऊ म्हणतोस. आहे त्याच तोंडाने जा, दुसरं कुठून आणणार? आधी तिला पत्र लिही. मला लिहिलंस तसं, एक अक्षर न लपवता. अडकित्तेसुद्धा लिही.

ताई


१६ ऑक्टोबर

चि. राजास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. चार पानांत माफी सहा वेळा आहे. एवढी नको रे, अक्षर बिघडतं.

तुला वाटलं मला कळलं नसेल. अरे, तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात लाइनी जोडल्या मी. कानाला लावलं की पलीकडचा माणूस ऐकतोय की नुसता फोन धरून बसलाय, ते आम्हाला श्वासावरून समजायचं. तुझं मला दुसऱ्याच रविवारी समजलं. शिवाय तुझे डोळे माझ्या कपाळाच्या वर कुठेतरी असायचे आणि चष्म्यात काहीतरी हलत असायचं.

मग बोलले का नाही, असं विचारतोस. आमच्याकडे एक नियम होता. दोन्हीकडची माणसं गप्प बसली तरी ऑपरेटरने स्वतः लाइन तोडायची नाही. म्हटलं, असू दे. तू निदान समोर बसलेला दिसतोस. टोकलं तर शरमेने तेवढंही बंद करशील, ही भीती होती. आणि तू तेच केलंस. टोकलं नाही तरी केलंस. सरळ वायरच उपटलीस. नेट काढलंस त्याबद्दल सगळे तुझं कौतुक करतात, ताई करते, शेजारीण करते. तुझं डोकं शांत झालं, पण माझा रविवार गेला, हे कोणी म्हणालं नाही.

कवळीचं मी दर रविवारी खरंच सांगत होते. ऐकत नाहीस हे कळल्यावर जोडीला थोडी गंमतही करायला लागले. एकदा म्हटलं, शेजारणीला सत्तराव्या वर्षी जुळं झालं. तू म्हणालास, अरे वा. एकदा म्हटलं, आपल्या घराचं छप्पर उडून समोरच्यांच्या अंगणात पडलं. तेही छान. शेवटच्या त्या रविवारी तू विचारतोस ना मी काय म्हणाले होते? मी म्हणाले, परवा मी मेले बरं का. तू म्हणालास, अरे वा, छान! मग? आता मग काय सांगणार? मेल्यावर पुढचं मलाही ठाऊक नव्हतं. मी हसले आणि ठेवलं. नंतर स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. खरं लिही म्हणालास म्हणून लिहिते.

इथल्या डॉक्टरकडे का गेले नाही, तेही ऐक. त्याने कवळी हातात घेऊन विचारलं असतं, कोणी केली ही. मी काय सांगणार होते? माझ्या मुलाचं काम मी दुसऱ्याला नावं ठेवायला नेऊन देऊ? त्यापेक्षा दूध-पाव बरा. आणि तुला पुन्हा खडसावून का सांगितलं नाही, तर लाज वाटायची. बोळकं तोंड पोराला दाखवायचं, त्यातून दातवाल्या पोराला. हात तोंडावर ठेवूनच बोलायचे. तू बघत नव्हतास ते एका परीने बरंच होतं, असंही मनात यायचं. आता हे लिहिल्यावर मला माझीच शरम वाटतेय. आईने मुलाची अशी परीक्षा घेऊ नये.

कवळी सुयांच्या डब्यातच आहे. ये आणि घास.

उदंड आयुष्य लाभो. येताना दात शिवशिवतील असं काही थंड खायला आणू नकोस, मला दात नाहीत हे विसरशील.

तुझी,
आई


३१ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

काल तो येऊन गेला. तुझ्या वेळापत्रकावर बरोबर अकराला दारात. हातात मोठी पेटी बघून शेजारीण विचारत होती की गवंडी बोलावलाय का. दारातच पाया पडला आणि उठेचना. मी म्हटलं उठ, गुडघे धरतील, आता तूही लहान राहिला नाहीस.

खिडकीपाशी टेबल ओढलं, दिवा लावला, ती घासायची छोटी मोटर मांडली. कवळीला आतून पांढरी पेस्ट लावायचा, माझ्या तोंडात बसवायचा, चाव म्हणायचा, काढून बघायचा आणि घासायचा. मला बोलायची सोयच नव्हती, त्याचा अंगठा माझ्या तोंडात. जन्मभर मी बोलले आणि तो हं हं म्हणाला, काल तो विचारत होता आणि मी हं हं म्हणत होते. पण चिमणे, पोरगं एकटक बघत होतं माझ्याकडे. भुवई जराशी हलली तरी थांबायचा. तुझे बाबा नवीन नवीन असताना तसं बघायचे, त्यानंतर कोणी बघितलं नव्हतं.

आता तुला एक सांगते, ते पोटात ठेव. तिसऱ्या खेपेलाच टोचायचं थांबलं होतं. अशी बसली कवळी की तोंडात काही आहे हेही कळेना. पण मी म्हटलं, अजून टोचतंय, डावीकडे, मागे. त्याने पुन्हा पेस्ट लावली. मी पुन्हा म्हटलं टोचतंय. असं किती वेळा म्हणाले कोणास ठाऊक. टेबलावरचं ऊन भिंतीवर गेलं. मधेमधे कवळी घासताना तो मला ते अकरा रविवार पुन्हा सांगायला लावत होता, मी आठवेल तेवढं सांगितलं, उरलेलं बनवून सांगितलं. पोराला भूक लागली असेल, पण उठला नाही.

या वयात खोटं बोलले, तेही पोटच्या पोराशी. लाज वाटते. त्याला बिचाऱ्याला काही कळलं नाही, मान मोडून घासत होता. त्याला कळू देऊ नकोस, पुन्हा वाईट वाटून घेईल.

जावईबापूंना आशीर्वाद. काल रात्री पोळी खाल्ली, चावून.

तुझी,
आई


१ नोव्हेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आईकडे जाऊन आलो. कवळी बसली. निघताना मी सफरचंदाची फोड कापून दिली, तिने ती कराकरा चावली आणि पदर तोंडाकडे नेला नाही. तेवढं बघून बसमध्ये चढलो आणि मागच्या सीटवर बसून रडलो. शेजारच्या बाईंनी रुमाल दिला. तो परत करायचा राहिला, तीही एक चूक माझ्या नावावर.

तुला बरं वाटावं म्हणून नव्हे, पण झालं ते सांगतो. दोष माझाच होता, डावीकडची कड तांदळाच्या दाण्याएवढी लांब राहिली होती. दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटांच्या कामासाठी आईने जवळजवळ पाच महिने दूध-पाव खाल्ला. हे मी लॅबमध्येही सांगितलं, सगळ्यांसमोर. मालकीणबाईंनी या वेळी आरसा ठेवला नाही. लाज गेली नाही, जाऊही नये. पण निदान आता ती कुणापासून लपवायची नाहीये.

आता एक गंमत, आईला सांगू नकोस. आमच्या धंद्यात पेस्ट खोटं बोलत नाही. जिथे दाब पडतो तिथली पेस्ट पुसली जाते आणि गुलाबी दिसतं. तिसऱ्या खेपेनंतर पेस्ट सगळीकडे एकसारखी पांढरी होती. कुठेही टोचत नव्हतं, टोचणं शक्यच नव्हतं. तरी आई म्हणाली टोचतंय. मी वर बघितलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. लहानपणी मी साखर खाल्ली की माझे व्हायचे तसे.

मग मी मोटरचं घासायचं टोक काढून ठेवलं आणि नुसती मोटर चालवत राहिलो. कवळीला न लावता. नाहीतर संध्याकाळपर्यंत तिला भोक पडलं असतं. चौदा वेळा ती म्हणाली टोचतंय आणि चौदा वेळा मी हवा घासली. शेवटी अंधार पडायला लागला तेव्हा म्हणाली, आता बरंय, पण ही परत टोचेल असं वाटतं. मी म्हटलं टोचणारच, माझं काम कच्चं आहे.

घरी नेट घेतलेलं नाही, घेणारही नाही. फोनवर रोज संध्याकाळी बोलतो, ती ठेवेपर्यंत ठेवत नाही. तुझ्याकडे मात्र एक काम आहे. रविवारी अकराच्या आत आईच्या गावी पोचणारी एकच गाडी आहे आणि ती वाटेत चाळीस मिनिटं उगाच थांबते. तुमच्या वेळापत्रकात काही करता येतं का बघ. नोव्हेंबरच्या सत्तावीस तारखेला कवळी पुन्हा टोचणार आहे, आईने आत्ताच कळवून ठेवलंय.

लोभ असावा, ओरडणंही असावं.

तुझा,
धाकटा